बजेट ८० हजार, वरचे ४० हजार उसने घेऊन सेकंडहँड गिब्सन लेस पॉल घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. काही वर्षं गिटार वाजवताय, ८० हजार साठलेत, पुण्यातच एकाकडे गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारचं स्टुडिओ मॉडेल १ लाख २० हजारांना विकायला आहे. वरचे ४० हजार मित्राकडून घेऊन ती उचलावी, की गुपचूप एपिफोन या गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडची नवी लेस पॉल घ्यावी? घरी १५ वॉटचा प्रॅक्टिस अॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरवाला डबा) आहे. आणि हे सगळं वेड गन्स अँड रोझेस या रॉक बँडचा गिटारवादक स्लॅश याच्यामुळे.

आत्ता घेऊ नका. "नुसते नावाचे पैसे असतात हो, आवाज तोच" असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. माझं कारण ते नाही. मी बँडमध्ये वाजवते, ओळखीपाळखीतल्या गिटारींचे सेटअपही (वाजवायला सोपी व्हावी म्हणून जुळवाजुळव) करून देते, आणि चांगली गिब्सन हातात आली की फरक कळतो हे मी नाकारणार नाही. नेकचा (गिटारच्या दांडीचा) गोलवा, तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या कडा, घासून घासून मऊ होत जाणारं लॅकर, हे सगळं खरं आहे. फक्त तो फरक बोटांना आधी कळतो आणि कानांना फार उशिरा. तुमच्या १५ वॉटच्या अॅम्पमधून तर तो ऐकूच येणार नाही.

आधी स्लॅशचं सांगते. गन्स अँड रोझेसचा १९८७ सालचा पहिला अल्बम, ज्यातला आवाज ऐकून जगभरातल्या पोरांनी लेस पॉल घेतल्या, त्यात त्याने वाजवलेली मुख्य गिटार गिब्सनच्या कारखान्यातली नव्हती. क्रिस डेरिग नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कारागिराने १९५९ च्या लेस पॉलबरहुकूम बनवलेली ती नक्कल होती. तिच्यात पिकअप (तारांची थरथर टिपणारे चुंबकी भाग) होते सीमोर डंकन कंपनीचे आणि पुढे होता मार्शल अॅम्प. पुढे गिब्सनने स्लॅशच्या नावाने मॉडेलं काढली आणि त्याला आपला ब्रँड अॅम्बेसेडरही केलं, तो भाग वेगळा. तुमच्या डोक्यात जो आवाज बसलाय तो चांगल्या कारागिराचं लाकूडकाम, दोन पिकअप, एक मोठा अॅम्प आणि स्लॅशची बोटं यांचा आहे. यातला अॅम्प तुमच्याकडे नाही. बोटांबद्दल मी काय बोलणार.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज गिटारमध्ये अर्धाच तयार होतो. तारेची थरथर पिकअप उचलतो, उरलेलं काम अॅम्प आणि त्याचा स्पीकर करतात. छोट्या अॅम्पमधला सहा किंवा आठ इंची स्पीकर लाखाच्या गिटारलाही डब्यात बसवतो. म्हणून एक करून बघा. दुकानात जाल तेव्हा दोन्ही गिटारी एकाच अॅम्पवर, त्याच सेटिंगवर लावा, डोळे मिटा आणि सोबतच्या मित्राला आलटून पालटून हातात द्यायला सांगा. कोणती कोणती आहे हे त्याने बोलायचं नाही. हेडस्टॉकवरचं (खुंट्या असतात त्या वरच्या टोकावरचं) नाव दिसत नसताना जी खाली ठेववत नाही ती तुमची. पण नेकवर फार लक्ष देऊ नका, नाहीतर गुळगुळीतपणावरूनच ओळखाल.

आता स्टुडिओ मॉडेलविषयी. ही काही कमअस्सल गिब्सन नाही. १९८३ च्या सुमारास कंपनीने स्वतःच बजेटवाल्यांसाठी काढलेली लेस पॉल आहे ही. कात्री लावली ती मुख्यतः सजावटीला. बॉडीच्या कडेची पांढरी बाइंडिंग गेली, वरचं नक्षीदार मेपल साधं झालं. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, तीच २४.७५ इंच, बहुतेकांत ४९०आर आणि ४९८टी हे गिब्सनचेच पिकअप. त्यामुळे १ लाख २० हजार ही मागणी मला वेडगळ वाटत नाही. वेडगळ आहे ते पुढचं. चाळीस हजार मित्राचे, खिशात शून्य, गिटारची पेटी मिळणार की नाही माहीत नाही, सेटअप बाकी आणि अॅम्प तोच १५ वॉटचा.

यावर तुम्ही म्हणाल, गिब्सन विकायला काढली की पैसे निघतात, एपिफोनचे निघत नाहीत. बरोबर आहे. सेकंडहँड गिब्सन आणखी फारशी उतरत नाही आणि नवी एपिफोन दुकानाबाहेर पडली की लगेच उतरते. पण हा हिशेब विकणाऱ्याचा आहे. मी तरी आपली पहिली गिब्सन आनंदाने विकणारा माणूस पाहिलेला नाही. विकतात ते अडचणीत आल्यावर, आणि अडचणीतला माणूस भाव करत नाही. मित्राचे पैसे फेडायला तीच गिटार विकावी लागली तर काय, याचा विचार आधी करा.

एपिफोन ही गिब्सनचीच. १९५७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने ती विकत घेतली, आणि हल्लीच्या बहुतेक एपिफोन चीनमध्ये चिंगदाओच्या कारखान्यात बनतात. २०२० साली आलेल्या लेस पॉल स्टँडर्ड फिफ्टीजमध्ये प्रोबकर पिकअप आणि सीटीएस कंपनीचे पॉट (आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालचे भाग) आहेत. म्हणजे पूर्वी लोक एपिफोन घेऊन लगेच जे भाग बदलत, ते आता बरेचसे ठीकच येतात. कमी पडते ती फिनिशिंगमध्ये. नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) खाचा नीट कापलेल्या नसतात, फ्रेटच्या कडा कधी कधी हाताला टोचतात. पण हे दुरुस्त होतं. पुण्यात नीट सेटअपला दीड-दोन हजार जातात. 'जी' (G) सुराची तार बेसूर होण्याची तक्रार मात्र लाखाच्या गिब्सनवरही राहते, कारण दोन्हींत तारा नटवरून बाहेरच्या बाजूला तिरक्या होऊन खुंट्यांकडे जातात आणि नटमध्ये अडकतात. शिसपेन्सिलीची भुकटी खाचेत घाला, बरंच काम होतं.

म्हणून माझी वाटणी अशी: गिटार ५५ ते ६० हजारांपर्यंत, सेटअप लगेच, चांगल्या तारा, आणि उरलेल्यात अॅम्प. नवा बसत नसेल तर सेकंडहँड मॉडेलिंग अॅम्प (वेगवेगळ्या अॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारा) बघा, ४०-५० वॉटचा, १२ इंची स्पीकरवाला. त्यासाठी गिटारचे पाच-सात हजार कमी करावे लागले तर करा. शेजाऱ्यांच्या भीतीने तो तुम्ही कधी पूर्ण उघडणार नाही, तरी मोठा स्पीकर कमी आवाजातही मोकळा वाजतो.

(एक अवांतर. आपल्याकडे कितीतरी जणांची पहिली गिटार कोलकात्याची गिव्हसन असते, तेव्हा या नावाच्या मोहाला देशी इतिहास आहे. उलट दिशेचाही धागा आहे. २०११ मध्ये अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले ते भारतातून गेलेल्या फिंगरबोर्डच्या लाकडावरून. आजोळच्या शिसवी कपाटाचं जे लाकूड, त्याचाच फिंगरबोर्ड जगभरच्या महागड्या गिटारींवर बसतो.)

एवढं सांगूनही तुम्ही ती गिब्सन बघायला जाणार हे मला माहीत आहे. जा. पण सोबत टॉर्च आणि छोटा स्क्रूड्रायव्हर न्या.

पहिल्यांदा नेकची मागची बाजू बघा, नटच्या बरोबर मागे. लेस पॉलचा हेडस्टॉक मागे चांगला १७ अंशांत झुकलेला असतो, नेक महोगनीची, आणि ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईचा, फिरवायचा नट बसवायला तिथेच लाकूड कोरलेलं असतं. गिटार स्टँडवरून उताणी पडली की मोडते ती तिथेच. टॉर्चचा उजेड तिरका पाडा. केसासारखी रेघ दिसते का, नखाला काही लागतं का, तेवढ्याच भागावर रंग वेगळा आहे का ते पाहा. चांगली चिकटवलेली असेल तर वाजवायला काही बिघडत नाही, पण भाव सडकून खाली आला पाहिजे. "तसं काही नाही" म्हणणाऱ्याला सर्व्हिसचं बिल विचारा.

मग लॅकर. गिब्सनवर नायट्रो लॅकर असतं आणि काही स्टँडच्या रबराने ते विरघळतं. नेकच्या मागे किंवा बुडाशी चिकट, पांढुरका डाग असेल तर ते त्यातलंच. दिसायला वाईट, बाकी काही नाही. भाव पाडायला उपयोगी.

शेवटी नकली गिटार. चीनमधून आलेल्या खोट्या गिब्सन आपल्याकडे सेकंडहँड बाजारात फिरतात आणि फोटोत ओळखू येत नाहीत. हेडस्टॉकवरचं घंटेच्या आकाराचं छोटं कव्हर बघा. अस्सल गिब्सनवर त्याला दोन स्क्रू असतात, नकलींवर बहुधा तीन. ते उघडा. आत ट्रस रॉडचा पितळी षटकोनी नट दिसला पाहिजे, जो बाहेरून पान्याने फिरतो. अॅलन की घालायचं भोक दिसलं तर नमस्कार करून निघा. आणि विकणारा कव्हर उघडूच देत नसेल, तर टोकनचे पाचशेही देऊ नका.