लिलावात घर मिळालं, दहाव्या दिवशी बँक म्हणते रद्द

प्रश्न : साहेब, मी अहमदपूर तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. मुलगा नीटच्या क्लाससाठी लातुरात औसा रोडला खोली करून राहतो. धाकटीही दोन वर्षांनी तिथंच जाणार, म्हणून बँकेच्या लिलावात एका घरावर बोली लावली. राखीव किंमत ३० लाख, माझी बोली ३२ लाख ४० हजार, सगळ्यांत वरची. ३ लाख अनामत आधीच भरली होती. दुसऱ्या दिवशी ५ लाख १० हजार भरून २५ टक्के पुरे केले. विक्री कायम झाल्याचं पत्रही मिळालं. त्यानंतर दहाव्या दिवशी बँकेचा मेल आला : मूळ कर्जदारानं थकबाकी भरली, विक्री रद्द, रक्कम परत करण्यासाठी खाते क्रमांक कळवा. मेव्हणे म्हणतात, लातूरच्या दिवाणी कोर्टात दावा टाका. काय करू?
– एक वाचक, जि. लातूर

उत्तर : गुरुजी, उरलेली रक्कम भरायचा पंधरावा, म्हणजे शेवटचा दिवस जवळ आला होता म्हणून पत्र हाती पडताच तुम्हाला फोन केला. तेच इथं जरा सविस्तर.

खाते क्रमांक कळवू नका. वकिली सुरू करण्याआधी मी बँकेच्या वसुली खात्यात होतो आणि असली पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत. तुम्ही मुकाट्यानं नंबर पाठवला, की फायलीत ‘बोलीदार राजी आहे’ अशी नोंद होते. पुढं तुमचा वकील त्या एका नोंदीपायी झगडत बसतो.

आता घरात लिलावाच्या जाहिरातीचं कात्रण शोधा. सगळा खेळ त्यावरच्या तारखेचा आहे. सरफेसी कायदा म्हणजे बँकांना थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता विकू देणारा कायदा. त्याच्या कलम १३(८) मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कर्जदाराला सगळी थकबाकी भरून मालमत्ता सोडवायची असेल, तर ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच सोडवावी लागते. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात नेमकं हेच घडलं होतं. लिलावानंतर कर्जदार जास्त रक्कम घेऊन आला, उच्च न्यायालयानं ती घ्यायला मुभा दिली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवून घर नव्हे, पण मोठी मालमत्ता लिलावातल्या खरेदीदाराच्या पदरात टाकली. तुमच्या कर्जदाराचे पैसे जाहिरातीआधी जमा झाले असतील तर मात्र तुमची बाजू लंगडी. म्हणून पैसे कोणत्या तारखेला आले, हे बँकेकडून लेखी मागा.

एक फरक लपवत नाही. त्या खटल्यातल्या खरेदीदारानं पूर्ण रक्कम भरलेली होती. तुमचे २४ लाख ३० हजार बाकी आहेत, आणि याच कायद्याखालच्या नियम ९(४) प्रमाणे ते विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरायचे असतात. मुदत वाढते, पण लेखी संमतीनं आणि तीन महिन्यांच्या आतच. साहेबांनी केबिनमध्ये ‘बघू, होईल’ म्हटलेलं धरू नका. उद्या बँक म्हणेल, यांनीच पैसे भरले नाहीत, आणि नियम ९(५) दाखवून तुमचे ८ लाख १० हजार जप्त करील. अशी २५ टक्क्यांची जप्ती सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राह्य धरलेली आहे. म्हणून रजिस्टर पोस्टानं आणि मेलनंही कळवा : मी उरलेली रक्कम भरायला तयार आहे, विक्री रद्द करणं मला मान्य नाही, विक्री प्रमाणपत्र द्या. सोबत गृहकर्जाचं मंजुरीपत्र जोडा. कर्ज देणारी बँक अशा भानगडीत हात आखडता घेते, हे माहीत आहे. पाहुण्यांकडून, पतसंस्थेतून काही जमत असेल तर नोटिशीतल्या खात्यात मुदतीत भरणं सगळ्यांत पक्कं. पण त्यासाठी शेत गहाण टाका असं मी सांगणार नाही.

मेव्हण्यांचा सल्ला सोडा. कलम ३४ मुळे या वादात दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद आहे. तुमची जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं कर्जवसुली न्यायाधिकरण, कलम १७ खाली, ४५ दिवसांच्या आत. थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेलात तर ‘आधी न्यायाधिकरणात जा’ असं ऐकायला मिळण्याचीच शक्यता जास्त. लिलावातल्या खरेदीदाराची तक्रारही तिथंच न्यायची, असं २०१७ मध्ये अगरवाल ट्रॅकॉम खटल्यात ठरलेलं आहे. अर्जात दोन मागण्या करा : विक्री पुरी करून द्या, ते होत नसेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत करा. आणि निकाल लागेपर्यंत ते घर दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून पहिल्याच तारखेला स्थगिती मागा. कर्जदारालाही पक्षकार करा, नाहीतर तो मागून येऊन सगळं पुन्हा उकरतो.

लढायचं नाही असं घरात ठरलं, तर तोही पर्याय आहे. मग मात्र खाते क्रमांक देताना ‘व्याजाचा हक्क राखून’ एवढं वाक्य आधी लिहा.

औसा रोडच्या खोलीचा करार मात्र वर्षभरासाठी वाढवून घ्या.