गावच्या क्रिकेट क्लबचा आणि मैदानाचा इतिहास लिहायला सुरुवात कुठून करावी?

तुमच्या तालुक्याच्या गावातला क्लब पन्नाशीला आलाय, स्मरणिका काढायची आहे, जुनी स्कोअरबुकं अर्धी वाळवीनं खाल्लीत आणि मैदान क्लबकडे कसं आलं हे कुणालाच धड सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी मैदानाचेच कागद काढा. बाकीच्या आठवणी त्यावर लावून बघता येतात.

मैदान गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, नगर भूमापनाच्या हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका. आजचा उतारा फारसा उपयोगाचा नाही. त्यावर दिसणाऱ्या फेरफार क्रमांकांचा माग काढत मागे जायचं. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. जागा गायरानातून दिली, कुणी बक्षीसपत्रानं दिली की नगरपालिकेनं भाडेपट्ट्यानं दिली, हे तिथल्या दोन-चार ओळींत सापडतं. बहुतेक जण अडकतात ते एकाच ठिकाणी: जमीन एकत्रीकरणानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन त्याआधीचे कागद मागितले की ‘आढळून येत नाही’ असा शेरा मिळतो आणि माणूस परत फिरतो. भूमी अभिलेख कार्यालयात आधी जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता बघा, मगच नकलेचा अर्ज करा. फार जुन्या नोंदी मोडीत निघतील. त्या अंदाजानं वाचू नका, मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.

क्लबची नोंदणी झालेली असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. संस्थेला बहुधा दोन क्रमांक असतात, एक 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा आणि दुसरा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा. दोन्ही टिपून घ्या. तिथल्या फाइलीतले बदल अहवाल मागा. कार्यकारिणी बदलली की हा अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे कोण कधी अध्यक्ष होतं यावरचे वाद तिथे बरेचसे मिटतात.

क्लबला एकच जन्मतारीख नसते, हे स्मरणिकेत स्पष्ट लिहा. पोरं एकत्र खेळायला लागली ते साल, नोंदणीचं साल आणि मैदान मिळालं ते साल, तिन्ही वेगळी. मुंबईचा पारशी जिमखाना 1885 सालचा, पण समुद्राकाठची जागा त्याला नंतर मिळाली. आणि पारशी मंडळींचा ओरिएंटल क्रिकेट क्लब तर 1848 मध्येच निघाला होता. तिन्ही सालं द्या, एक निवडून बाकीची पुसू नका.

आता स्कोअरबुकं. वाळवी लागलेली वही उन्हात टाकू नका, कागद कडक होऊन घडीवर तुटतो. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा टीपकागद घालून वाळवा आणि माती मऊ ब्रशनं झाडा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पानं सुटी न करता वरून सरळ फोटो काढा. मग आकडे ताळून बघा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावा, हे जुळलं पाहिजे. गोलंदाजीच्या बाजूनं जुळवताना एक घोळ होतो. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या नावावर धरत नसत, आता धरतात. त्यामुळे जुन्या वहीत तितका फरक दिसला तर ती स्कोअररची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका. शेवटची पानंही उलटा. मॅटिंगचे (खेळपट्टीवर अंथरायच्या चटईचे) पैसे, चेंडूंची उधारी, एसटीचं भाडं असले हिशेब तिथे खरडलेले असतात आणि ते शतकांइतकेच मोलाचे आहेत.

मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा पगारही त्याच हिशेबात सापडेल. त्याचं नाव शोधाच. जुन्या काळातले नामवंत गोलंदाज बाळू पालवणकर पूना क्लबात खेळपट्टी लाटायचे, आखायचे, जाळी बांधायचे, महिना चार रुपयांवर. तिथे खेळणाऱ्या ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावाला गोलंदाजी टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. पुढे हिंदू संघात घेतल्यावरही चहाच्या वेळी त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा, कारण ते चांभार समाजातले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच माणसानं 114 बळी घेतले. तुमच्या क्लबच्या जुन्या ग्रुप फोटोत रोलर ओढणारा, मॅट ठोकणारा, पाणी मारणारा नसेल. पगाराच्या पावत्यांत तो आहे. पहिल्या अकरा जणांबरोबर त्याचं नाव छापलं नाही तर ती स्मरणिका अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हाताऱ्या खेळाडूंना ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका, साल बहुतेकदा चुकतं. कोयनेचा भूकंप (डिसेंबर 1967), बहात्तरचा दुष्काळ, त्र्याऐंशीचा वर्ल्डकप यांच्या आधी की नंतर, असं विचारा. सोबत मैदानाचा साधा हाती नकाशा न्या: विहीर, कंपाउंड, झाड, खेळपट्टीची दिशा. खेळपट्टी फिरवली असेल तर का, हे विचारा. पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळी एका टोकाला सूर्य थेट फलंदाजाच्या डोळ्यांत येतो, बहुधा तेच कारण निघतं. एकानं सांगितलेलं नाव दुसऱ्या मुलाखतीत आपण होऊन घेऊ नका, नाहीतर सगळे तेच सांगू लागतात. सामन्याची तारीख कळली की ग्रंथालयात त्या जिल्ह्याच्या दैनिकाचे पुढच्या आठ दिवसांचे अंक चाळा, कारण गावाकडचा निकाल उशिरा छापून यायचा. फोटोमागे नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, न दाबता. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.