होस्टिंगचे नियम बदलले, आता कोड कुठे ठेवायचा?

प्रश्न : माझ्या जुन्या पॉवरपीसी चिपच्या मॅकवर लेपर्ड ही जुनी मॅक प्रणाली चालते. त्यासाठी मी अजूनही सॉफ्टवेअर लिहितो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पुश करायला (कोड पाठवायला) गेलं की माझी एसएसएच की (ओळख पटवणारी फाइल) नाकारली जाते. मॅक मोडीत काढू का? (कोथरूड)

अजिबात नको. मशीन ठणठणीत आहे, पलीकडचे नियम बदललेत. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीसाठी) पासवर्ड घेणं थांबवलं. १५ मार्च २०२२ पासून डीएसए प्रकारच्या की गेल्या आणि नव्याने चढवलेल्या आरएसए प्रकारच्या कीला शा-१ ही जुनी डिजिटल सही चालेनाशी झाली. लेपर्डबरोबर आलेल्या ओपनएसएसएचला (एसएसएच जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमला) तीच जुनी सही येते. नव्या शा-२ सह्या त्याच्या ७.२ आवृत्तीपासून आल्या. शा-१ ची टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच येणं) २०१७ मध्ये करून दाखवली गेली होती, त्यामुळे निर्णय योग्यच होता. फक्त त्याचा भार तुमच्यासारख्यांवर पडला, याचं मला वाईट वाटतं.

आधी मॅकपोर्ट्स या मॅकसाठीच्या सॉफ्टवेअर-संग्रहातून नवं ओपनएसएसएच बसवून पाहा आणि ईडी२५५१९ प्रकारची की काढा. नाहीच जमलं, तर घरातला लिनक्स लॅपटॉप मध्ये घाला. मॅकवर गिट डीमन (मागे चालत राहून कोड देणारा प्रोग्रॅम) चालू ठेवायचा, लॅपटॉपने तिथून फेच करायचं (बदल ओढून घ्यायचे) आणि पुढे गिटहबवर त्यानेच पुश करायचं. डीमन कुणाची ओळख विचारत नाही, म्हणून तो घरच्या वायफायबाहेर उघडा ठेवू नका. नेटवर्कच नको असेल तर गिट बंडल करा. सगळा इतिहास एका फाइलीत येतो, ती पेनड्राइव्हवरून न्या.

प्रश्न : कॉलेजातल्या सीनियर्सचा प्रोजेक्ट बिटबकेट या गिटहबसारख्या साइटवर, मर्क्युरिअल या गिटसारख्या प्रणालीत होता. आता लिंक उघडत नाही. (सदाशिव पेठ)

बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअल बंद केलं. रेपो (प्रोजेक्टचा कोडसाठा) सार्वजनिक असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेज या कोड जतन करणाऱ्या उपक्रमाच्या संग्रहात शोधा, तिथे बिटबकेटवरचे मर्क्युरिअल रेपो जतन केलेत. सोबत सीनियर्सना फोन करा. कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) सापडला, तर त्यात तोवरच्या सगळ्या कमिट्स (नोंदवलेले बदल) असतील. मग एचजी-फास्ट-एक्स्पोर्ट या साधनाने तो गिटमध्ये आणा.

प्रश्न : हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ॲप लिहितो. गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या आपोआप कामं चालवणाऱ्या सेवेवर) टेस्ट कशा चालवू? (हिंजवडी)

गिटहबचे स्वतःचे रनर (ही कामं चालवणारी मशीन्स) लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस एवढेच. लिनक्स रनरवर क्यूएमू या आभासी मशीनमध्ये हायकू बूट करा. टेस्टच्या आज्ञा मात्र ॲक्शन्सच्या वायएएमएल सेटिंग-फाइलीत न कोंबता शेल स्क्रिप्टमध्ये लिहा, म्हणजे उद्या होस्ट बदलला तरी हात अडणार नाहीत.

प्रश्न : मग गिटहब सोडून कोडबर्ग या दुसऱ्या कोड-साइटवर जावं का? (औंध)

मुक्त लायसन्स असेल तर जरूर. बर्लिनची ना-नफा संस्था ते चालवते. कोड हलवणं सोपं आहे, जीव अडकतो तो इश्यूंमध्ये (चुका आणि सूचनांच्या नोंदींमध्ये), कारण ते गिटच्या इतिहासात नसतात. कोडबर्ग ज्यावर चालतं त्या फोर्जेजो (Forgejo) सॉफ्टवेअरमध्ये गिटहबवरून इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (इतरांनी सुचवलेले बदल) आणायची सोय आहे. आधी एका लहान रेपोवर करून बघा. गिटची एलएफएस ही मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची सोय वापरत असाल तर मिरर क्लोनमध्ये (रेपोच्या हुबेहूब प्रतीत) त्या मोठ्या फाइली येत नाहीत, त्या 'git lfs fetch --all'ने वेगळ्या ओढा. जुना रेपो डिलीट करू नका. तो अर्काइव्ह करून (फक्त वाचण्यापुरता ठेवून) रीडमी या माहिती-फाइलीत नवा पत्ता टाका.