सालामांकात शिकताना शनिवार-रविवारी काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीपासून एक सेमिस्टर सालामांकाला स्पॅनिश शिकायला चालला आहात, शनिवार-रविवार मोकळे आहेत, पैसे बेताचे आहेत. तर दर आठवड्याला स्वस्त विमान पकडून एकेक देश पाहून घ्यावा, की स्पेनमध्येच फिरावं?

मी त्याच शहरात शिकले आहे आणि माझं म्हणणं ठाम आहे. विमानाचा नाद सोडा, बसस्टँड जवळ करा. सालामांकाहून माद्रिदचा विमानतळ बसने अडीच-तीन तासांवर. म्हणजे शनिवारची सकाळ जायला, रविवारची दुपार यायला, आणि मधे जे उरतं त्यात रोम किंवा पॅरिसचे चार फोटो काढून होतात. उलट सालामांकाभोवती दोनेक तासांच्या अंतरात जे आहे ते पाहायला पुन्हा कधी मुद्दाम येणं होणार नाही. रोमला तुम्ही पुढेमागे जालच. इथल्या थामोरासारख्या छोट्या गावाला कोण जातं?

पण पहिले काही शनिवार बाहेर पडूच नका. खुद्द सालामांका पाहा. विद्यापीठ १२१८ सालचं, स्पेनमधलं आज चालू असलेलं सगळ्यात जुनं. त्याच्या दर्शनी भिंतीच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला एक बेडूक आहे. सगळे पर्यटक माना वर करून तो शोधतात आणि सापडला की निघून जातात. तुम्ही आत जा. सोळाव्या शतकातले कवी आणि धर्मशास्त्राचे प्राध्यापक फ्राय लुइस दे लेओन ज्या वर्गात शिकवायचे तो वर्ग अजून तसाच ठेवलाय. बाकं म्हणजे नुसते ओबडधोबड तासलेले ओंडके, बसून बसून गुळगुळीत झालेले. १५७२ साली इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांना तुरुंगात टाकलं, १५७६ साली सुटका झाली. परत आल्यावर ‘काल आपण म्हणत होतो...’ असं म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवात केली, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, ती खोली पाहिल्यावर आपण कुठल्या परंपरेत शिकायला आलोय हे अंगावर येतं.

शेजारच्या एस्क्वेलास मेनोरेस या विद्यापीठाच्याच जुन्या इमारतीत ‘सालामांकाचं आकाश’ आहे. पंधराव्या शतकात विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या छतावर राशी आणि नक्षत्रं रंगवली होती, त्याचा उरलेला भाग. खोली अंधारी असते. आत शिरल्या शिरल्या काही दिसत नाही म्हणून लोक मागे फिरतात. चारपाच मिनिटं थांबा. डोळे सरावले की आधी सिंह दिसतो, मग हळूहळू बाकीचे.

संध्याकाळी प्लाथा मायोर. १७२९ ते १७५५ मध्ये बांधलेला हा चौक. त्याचा जवळच्या बियामायोर गावचा वालुकाश्म उन्हं उतरताना सोन्यासारखा होतो. विद्यार्थी थेट फरशीवर बसकण मारतात, तुम्हीही बसा. इथे कुणाला भेटायचं ठरलं की ते ‘घड्याळाखाली’ असं ठरतं. कमानींच्या मधे राजांची, विद्वानांची, सेनानींची मुखं कोरलेली गोल पदकं आहेत. त्यांतलं ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं शोधून ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

बाहेरगावांत आविला आणि सेगोविया सगळेच सांगतील, आणि बरोबरच सांगतील. आविलाचा कोट अडीच किलोमीटरचा, बऱ्याच भागावर वरून चालता येतं. मात्र गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, तेव्हा फेब्रुवारीत तिथला वारा हाडापर्यंत जातो. एप्रिलपर्यंत थांबलात तर उत्तम. सेगोवियाला आगगाडीने गेलात तर स्टेशन गावाबाहेर माळावर आहे, तिथून ११ नंबरची बस जलसेतूपाशी सोडते. रोमनांनी बांधलेला हा जलसेतू सर्वात उंच जागी २८ मीटर आहे आणि ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांवर चुन्याविना रचलेत. खाली उभं राहून एखादा चिरा जवळून पाहा. प्रत्येकावर छोटा खड्डा दिसेल. उचलताना लोखंडी चिमटा धरायला तो पाडलेला. पुस्तकातल्या दहा फोटोंत तो खड्डा दिसत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. सालामांकाच्या दक्षिणेला, सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर, आरापिलेस नावाचं खेडं आहे. शेतं आणि दोन बुटक्या टेकड्या, एक लहान आरापिल, एक मोठी. मोठीवर एक स्मारकस्तंभ. २२ जुलै १८१२ रोजी वेलिंग्टनने इथे मार्मोंच्या फ्रेंच फौजेचा पराभव केला आणि पुढच्याच महिन्यात तो माद्रिदमध्ये शिरला. तिथे जाणाऱ्या बहुतेकांसाठी ही नेपोलियनच्या काळातली एक लढाई. आपल्यासाठी तेवढीच नाही. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. असईला केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मधे उतार असणारच हे त्याने ताडलं आणि फौज पलीकडे नेली. आरापिलेसला फ्रेंचांची डावी बाजू लांबत जाऊन विरळ झालेली त्याने हेरली आणि तिथेच घाव घातला. जमीन आणि माणसं बारकाईने पाहण्याची तीच नजर, नऊ वर्षांनी, दुसऱ्या खंडात. शाळेत असईची लढाई आपण दोन ओळींत शिकतो. त्या दोन ओळींतला माणूस पुढे कुठे गेला हे मला त्या टेकडीवर उभं राहून कळलं, आणि इतिहासाकडे पाहण्याची माझी पद्धत तिथून बदलली.

त्याच धाग्याने पुढच्या शनिवारी थिउदाद रोद्रिगोला जा. पोर्तुगालच्या सीमेजवळचं तटबंदीचं गाव, बस थेट आहे. जानेवारी १८१२ मध्ये वेलिंग्टनने हे वेढा घालून घेतलं. तटावरून गावाला पूर्ण फेरी मारता येते. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर तोफगोळ्यांच्या खुणा आजही आहेत, दगडाला देवी आल्यासारख्या. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की मारा कुठल्या दिशेने झाला असेल याचा अंदाज येतो. फेब्रुवारीत इथे बैलांचा कार्निव्हल असतो. तेव्हा गर्दी प्रचंड असते आणि तो प्रकार सगळ्यांना पाहवत नाही, म्हणून तारीख बघून ठरवा.

थामोरा तासाभरावर, दुएरो नदीकाठी. एवढ्याशा गावात रोमानेस्क या जुन्या युरोपीय बांधकामशैलीची वीसेक चर्चेस आहेत, बाराव्या-तेराव्या शतकांतली, जाड भिंतींची, आत गार आणि शांत. दुपारी ती बंद असतात, म्हणून सकाळी पोचा. कॅथेड्रलचा घुमट दगडी खवल्यांचा आहे, तो नदीपलीकडून पाहा. आणि ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा तुम्ही तिथे असताना येतो, तेव्हा गुरुवारी रात्री थामोरालाच असा. मध्यरात्रीनंतर विरियातो चौकात ‘मिसेरेरे’ हे क्षमायाचनेचं स्तोत्र गातात. माणसांनी भरलेला चौक, पण कुणी हूं की चूं करत नाही. मिरवणुकीतल्या टोकदार टोप्यांनी दचकू नका, ही प्रायश्चित्त घेणाऱ्यांची शतकानुशतकांची वेशभूषा आहे. खोली मात्र फार आधी धरावी लागते.

डोंगर हवा असेल तर ला आल्बेर्का हे गाव. लाकूड आणि दगडाची घरं, वर पेन्या दे फ्रान्थिया हे १,७२७ मीटरचं शिखर. शनिवार-रविवारी तिकडे बसचे वांधे असतात, तेव्हा चौघांनी मिळून गाडी करणं परवडतं.

खाण्याचं. तुम्ही शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण हॅमला बऱ्याच ठिकाणी मांसात धरत नाहीत आणि साध्या सॅलडमध्ये टूना येतो. हॅम नको, मासा नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळते, पाव घेऊन पोटभर होते. सालामांकाचा प्रसिद्ध ओर्नाथो हा भरलेला पाव मात्र आतून डुकराच्या मांसाने भरलेला असतो. जेवणाची वेळ दोन ते साडेतीन. त्यानंतर गेलात तर स्वयंपाकघर बंद.

विद्यार्थी ओळखपत्र कायम जवळ बाळगा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत आहे. सीमा ओलांडून पोर्तुगालला जाताना तपासणी सहसा होत नाही, तरी पासपोर्ट घेऊनच जा. आणि शेंगेन या सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांबाहेर, म्हणजे मोरोक्को किंवा लंडनला जायचा बेत असेल, तर तुमचा व्हिसा किती वेळा प्रवेश देतो ते आधी वाचा.

एक शेवटचं: रविवारी संध्याकाळी सालामांकाकडे येणाऱ्या बसगाड्या घरी गेलेल्या विद्यार्थ्यांनी भरून येतात. परतीचं तिकीट शुक्रवारीच काढून ठेवा.