धर्मनिरपेक्ष, पंथनिरपेक्ष की निधर्मी?

गोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या मराठी पुस्तकात छापलेल्या संविधानाच्या उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' असं आहे आणि बँकेच्या भिंतीवर टांगलेल्या हिंदी उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष'. दोन्ही सरकारीच, मग खरा शब्द कोणता? शिवाय त्यांचे सासरे 'निधर्मी राज्य' म्हणतात, ते चूक का? आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज दिसणारा 'सर्वधर्मसमभाव' यात कुठे बसतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं: मराठीत लिहिताना धर्मनिरपेक्ष. मूळ इंग्रजी शब्द 'सेक्युलर' उद्देशिकेत आला तो १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने. त्याआधीही तो संविधानात होता, अनुच्छेद २५ मध्ये, पण तिथे तो धर्माचरणाला चिकटलेल्या आर्थिक, राजकीय वगैरे व्यवहारांपुरता. हिंदी मसुदाकारांनी 'पंथ' घेतला. धर्म म्हणजे कर्तव्य, नीती, न्याय हे सगळं. त्यापासून राज्य अलिप्त कसं राहील, ही त्यामागची नेहमी सांगितली जाणारी शंका. हिंदीपुरती ती ठीक असेलही. मराठी कानाला मात्र पंथ म्हटलं की महानुभाव पंथ, नाथ पंथ आठवतो, म्हणजे धर्माच्या पोटातली एखादी वाट. 'पंथनिरपेक्ष महाराष्ट्र' वाचून मला तरी वाटेल की सरकार नाथपंथी आणि महानुभावांच्या वादात पडत नाही म्हणतंय.

आता 'निरपेक्ष'. हा शब्द आपण रोज वापरतो तो 'निरपेक्ष प्रेम', 'निरपेक्ष सेवा' असा, म्हणजे मोबदल्याची अपेक्षा नसलेली. त्यामुळे 'धर्माकडून काही अपेक्षा नसलेलं राज्य' असा विनोदी अर्थ काही जण लावतात. इथला निरपेक्ष 'सापेक्ष'चा विरुद्धार्थी आहे. सापेक्ष म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भाने ठरणारं. धर्मनिरपेक्ष कारभार म्हणजे ज्याचा निर्णय समोरच्याच्या धर्मावर अवलंबून नाही असा कारभार. रेशनकार्डाच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस कुठल्या देवाला हात जोडतो, यावर धान्य ठरत नाही. एवढ्या नेमक्या अर्थाचा शब्द हाताशी असताना तो पुस्तकी वाटतो म्हणून टाकून देऊ नये.

'निधर्मी'वर व्याकरणवाले तुटून पडतात की संधी 'निर्धर्मी' होईल. होऊ दे. निनावी, निकामी, निलाजरा हे शब्द आपण त्याच मराठी वळणाने घडवले आहेत. माझी तक्रार अर्थाबद्दल आहे. मराठीतला धर्म फार पसरलेला आहे: शेजारधर्म, दानधर्म, पाण्याचा धर्म, धातूचे गुणधर्म. हे सगळं पुसून टाकणारा तो निधर्मी, आणि कानाला तो 'अधर्मी'च्या फार जवळचा. वरळीत धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. 'धर्मादाय रुग्णालय' अशी पाटी असलेल्या इस्पितळाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. कागद बघतात तो उत्पन्नाचा. म्हणजे अधिकाऱ्याच्या पदनामातच 'धर्म' आहे आणि काम पूर्ण धर्मनिरपेक्ष! त्या अधिकाऱ्याला निधर्मी आयुक्त म्हणून बघा. सासऱ्यांना मात्र टोकू नका. त्यांच्या पिढीत तो शब्द सर्रास छापून यायचा.

याहून चांगला शब्द मिळाला असता का? इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'युग, पिढी' अशा अर्थाचा शब्द आहे. त्याला 'वाद' जोडून विचारसरणीचं नाव केलं ते १८५१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज होलिओक यांनी. त्या हिशेबाने 'लौकिक' किंवा 'ऐहिक' जवळचे. पण लौकिक आपण नावलौकिकात खर्चून बसलो आणि ऐहिकाच्या पाठोपाठ 'सुखं' येतातच. 'इहवादी' विद्वानांच्या लेखातून बाहेर पडला नाही.

सर्वधर्मसमभावाचं असं की ती माणसाची वृत्ती आहे. सोसायटीत गणपती बसतो आणि नाताळला झाडही लागतं, तर तो सर्वधर्मसमभाव. छानच. पण त्याला 'आमची सोसायटी धर्मनिरपेक्ष आहे' म्हणू नये. फ्लॅट विकताना, भाड्याने देताना घेणाऱ्याचा धर्म विचारला जात नसेल, तर ते विशेषण शोभेल. (मुंबईत हे वाक्य लिहिताना हात जरा अडखळतो.)

कुणाचा धर्म, हा प्रश्न केवळ शब्दवेड्यांचा नाही. १९९० च्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ ला ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला. वाद एका सर्वनामावर होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे कोणाला 'त्याच्या' धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या कारणावरून मत द्या, असं आवाहन उमेदवाराने करणं हा भ्रष्ट आचार. त्याच्या म्हणजे कोणाच्या? अल्पमत म्हणालं, उमेदवाराच्या किंवा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या. बहुमत म्हणालं, मतदाराच्यासुद्धा. इंग्रजीत तिन्हींना एकच सर्वनाम, म्हणून हा घोळ. मराठी प्रचारसभेत तो जवळजवळ होतच नाही, कारण तिथे कोणी 'त्याच्या' म्हणत नाही, 'आपल्या' म्हणतो. आपला म्हणजे माझा आणि तुमचा एकदमच. 'आपला माणूस' या दोन शब्दांत उमेदवार आणि मतदार दोघेही पकडले जातात. यादीत भाषाही आहे, हे मराठी मतांवर बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

ताईंनी शेवटी 'धर्म आणि राज्य यांची फारकत' हा प्रयोग बरोबर का, असंही विचारलंय. प्रयोग सुंदर आहे. फारकत मूळची फारखत, म्हणजे देणंघेणं संपल्याचा, मोकळं केल्याचा कागद. पुढे नवराबायकोच्या काडीमोडालाही तोच शब्द लागला. चर्च आणि राज्य वेगळं करणाऱ्या फ्रान्सच्या १९०५ च्या कायद्याबद्दल लिहायचं तर फारकत चपखल. आपल्याकडे तो जपून वापरावा. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिराचं विश्वस्त मंडळ १९८० च्या खास कायद्यानुसार राज्य सरकार नेमतं. हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यापर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केला. देणंघेणं संपलेल्या दोन पक्षांत असं होत नाही. सरकारने देवस्थानाची व्यवस्था बघावी का, यावर भांडायला जागा आहे, आणि माझ्या मते सरकारने तिथून बाहेर पडावं. पण आज जे आहे त्याला फारकत म्हणता येत नाही.

लेखनाबद्दल: धर्मनिरपेक्ष आणि सर्वधर्मसमभाव हे दोन्ही सामासिक शब्द, सलग लिहायचे, मध्ये रेघ नको. 'धर्मनिरपेक्षपणा'ही चालेल, पण शाळेच्या निबंधात 'धर्मनिरपेक्षता' लिहायला सांगा.