मजुरी वेगळी, नफा वेगळा

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा गावात दहा जणींचा महिला बचत गट आहे. बचत, अंतर्गत कर्ज सगळं नीट चालू होतं, मग आम्ही दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागलो, त्यात चकली जास्त जाते. भाजणी भाजणं, पीठ मळणं, तळणं आम्ही चौघीच करतो, तेही माझ्या पडवीत आणि गॅसही माझाच. बाकीच्या संध्याकाळी तासभर पॅकिंगला येतात, काही जणी तर तेवढंही नाही, आणि पैसे मात्र सगळ्यांना सारखे. ऑर्डरी अध्यक्षांच्या फोनवर येतात, पैसेही त्यांच्याच मोबाइलवर जमा होतात, त्यामुळे त्या सांगतील तेवढंच आम्हाला कळतं. मीटिंगमध्ये मी विषय काढला तर म्हणाल्या, आपल्यात विश्वास आहे, हिशोब कसला मागताय. तेव्हापासून माझी चुलत जाऊ, तीही गटातच आहे, माझ्याशी बोलत नाही. गटावर बँकेचं कर्ज चालू आहे. वाटतं की गट सोडावा आणि स्वतःचंच काहीतरी करावं. काय करू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, गट सोडायची घाई करू नका. कर्ज गटाच्या नावावर आहे म्हणजे ते फेडायची जबाबदारी सगळ्यांची मिळून आहे, मधेच एक जण उठली की बँकेत गटाची पत जाते आणि गावात बोल तुम्हालाच लागतो. आणि खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला लबाडी कुठे दिसली नाही, दिसला तो एक नियम, जो एका कामासाठी केला होता आणि दुसऱ्या कामाला तसाच लावला गेला.

बघा, बचत गटाची सगळी घडीच बचतीसाठी घातलेली असते. दर महिन्याला प्रत्येकीने सारखीच रक्कम टाकायची, त्यातून गरजेप्रमाणे कर्ज द्यायचं, आणि व्याज जमलं की ते सगळ्यांचं सारखं, कारण पैसे सगळ्यांनी सारखेच टाकलेत. हे अगदी रास्त आहे. पण चकलीत पैशापेक्षा जास्त अंगमेहनत जाते, आणि ती सगळ्यांची सारखी नसते. गट धंद्यात उतरला तरी वाटणी जुन्याच सवयीने होत राहते, मग जी दिवसभर कढईसमोर उभी असते तिच्या मनात साठत जातं. हे मी खूप गटांत बघितलंय, पापड, मसाले, शिवणकाम, कुठेही.

यावर आपल्याकडे जुना आणि चालून दाखवलेला तोडगा आहे. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथे बहिणी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणून देतात आणि किलोमागे वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेतात, जितकं लाटलं तितके पैसे. नफा-तोटा हा वेगळा विषय, तो सगळ्या बहिणींचा. म्हणजे मेहनतीचे पैसे आधी आणि मेहनतीप्रमाणे, मालकी मात्र सगळ्यांची. तुमच्या गटाला नेमकं हेच पाहिजे.

समजा ४० किलो चकलीची ऑर्डर आहे, ३२० रुपये किलोने १२,८०० आले (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला). भाजणी, तेल, पिशव्या मिळून ७,००० गेले. आता वाटणीआधी मजुरी काढा, किलोला ६० रुपये धरले तर २,४००, आणि हे कोणी किती किलो केलं ते वहीत लिहून त्याप्रमाणे द्यायचे, पॅकिंगचा दर वेगळा ठरवला तरी चालेल. तुमच्या जागेचे आणि गॅसचे ८००, हे मागायला लाजू नका, सिलिंडर तुमच्या घरातला रिकामा होतोय. मग ऑर्डर घेणं, माल पोचवणं, उधारी वसूल करणं याचे ६००. हे बहुतेक अध्यक्षांकडे जातील आणि गेलेच पाहिजेत, कारण रात्री दहाला गिऱ्हाइकाचा फोन घेणं आणि दिवाळी झाल्यावर चार-चार वेळा पैसे मागायला जाणं हेही कामच आहे, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणून मुद्दाम सांगते. एवढं सगळं काढून २,००० उरतात. तो नफा. त्यातले हजार गटाच्या खात्यात ठेवा, उरलेले दहा जणींना शंभर-शंभर. तेव्हा समान वाटणी कोणालाच टोचणार नाही.

आता विश्वासाचं. बचत गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय आहे? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नियमित हिशोब लिहिणं. तुम्ही जे मागताय ते गट झाला त्या दिवसापासून तुमच्या पहिल्या पानावर आहे, त्यात अविश्वासाचं काही नाही. उलट हिशोब उघडा असला की अध्यक्षांवरही कोणी बोट ठेवू शकत नाही, म्हणजे त्यात त्यांचंही संरक्षण आहे, आणि त्यांना ते याच शब्दांत सांगा. ऑर्डरीचे पैसे मोबाइलवर न येता गटाच्या खात्यात यावेत, त्यासाठी खात्याचा क्यूआर कोड मिळतो का ते बँकेत विचारा, आणि दर मीटिंगला पासबुक मोठ्याने वाचायचं.

मीटिंगमध्ये विषय काढताना मागची दिवाळी उकरू नका, कृपा करून. जे वाटलं गेलं ते गेलं. “कोण काम करत नाही” असं सुरू केलंत की दोन तट पडतील. “पुढच्या ऑर्डरीपासून किलोचा दर ठरवू या” एवढंच म्हणा, दर सगळ्यांनी मिळून ठरवा, ठरावाच्या वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. दर ठरला की बघा, ज्या आज येत नाहीत त्यातल्या एक-दोघी तळणीला बसतील. त्या बैठकीला तुमच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीला बोलवा, माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) गट असेल तर त्यांच्या कार्यकर्तीला, सहयोगिनींना. बाहेरचं माणूस बसलं की आवाज आपोआप खाली येतात.

आणि जाऊबाईंकडे मीटिंगच्या आधी एकदा जाऊन या, पण गटाचा विषय काढायला नाही. त्यांना बहुतेक असं वाटलं असणार की तुम्ही चारचौघींत त्यांना फुकट खाणारी म्हणालात. तसं म्हणायचं नव्हतं एवढं स्पष्ट सांगा, आणि त्या का येऊ शकत नाहीत ते विचारा. लहान मूल असेल, सासऱ्यांचं आजारपण असेल, दिवसा शेतावर जावं लागत असेल, तर त्यांना घरी बसून लेबलं लावायचं काम देता येईल, त्याचाही दर ठरवून.

प्रश्न : मी पुण्यात आमच्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी आहे, मानद, पगार-बिगार काही नाही. कमिटीतले एक काका रात्री अकराला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितात, पाण्याच्या टँकरचं बिल इतकं कसं, सेक्रेटरी झोपलेत का. मग पन्नास जण त्यावर बोलतात. राजीनामा द्यावासा वाटतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रुपवर उत्तर देऊ नका, एकदाही नाही, नाहीतर रोज द्यावं लागेल. एकच मेसेज टाका की बिलाबद्दल लेखी अर्ज ऑफिसात द्या, येत्या कमिटी मीटिंगमध्ये घेऊ, आणि खरंच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, कमिटीची मीटिंग महिन्यातून निदान एकदा व्हायलाच हवी, ती होते का तुमच्याकडे नियमित? बऱ्याच सोसायट्यांत ती होत नाही म्हणून भांडणं ग्रुपवर जातात, माणसाला बोलायची दुसरी जागाच राहत नाही. टँकरची बिलं दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, टँकर किती आले आणि दर काय, एवढं पुरे.

काकांना मात्र समोरासमोर भेटा, चहाला बोलवा. जो माणूस रात्री अकरा वाजता पाण्याच्या बिलाचा विचार करतो त्याला सोसायटीची काळजी आहे, हे मी मनापासून म्हणतेय. टँकरची नोंद आणि बिलं तपासायचं काम त्यांनाच द्या, तसा कमिटीत ठराव करून. नाही म्हणाले तर तेही मिनिट्समध्ये लिहा. राजीनाम्याचा विचार करायचाच असेल तर सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, ती होऊ द्या, हिशोब सभेपुढे मंजूर करून घ्या आणि मग ठरवा.