बीभत्स की भयानक?

पडद्यावरच्या रक्तपाताला 'भयानक' म्हणावे की 'बीभत्स', आणि किळस येत असूनही नजर तिथेच खिळून राहते त्या अवस्थेला मराठीत शब्द आहे का, असा दुहेरी प्रश्न विचारला गेला आहे.

रसविचारात हे दोन शब्द वेगळे आहेत. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेली भावना, भय, तर बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भय पुढे काय होईल याचे असते. जुगुप्सा समोर जे दिसते आहे त्याची असते. 'शोले'मध्ये (१९७५) गब्बर ठाकूरवर तलवारी उगारतो आणि दृश्य एकदम वर्तमानात येते. शाल उडते आणि ठाकूरला हात नाहीत हे आपल्याला कळते. वार पडताना दिसत नाही, म्हणून तो प्रसंग भयानक आहे आणि लगेच करुणही होतो. तेच हात तुटताना दाखवले असते, तर तो बीभत्स झाला असता. आजचे परीक्षणकार दोन्हींना सरसकट 'भयानक हिंसाचार' म्हणतात, आणि दिग्दर्शकाने काय दाखवले व काय झाकले हा महत्त्वाचा भेद त्यात पुसला जातो, याचे मला वाईट वाटते.

भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या संस्कृत ग्रंथाने हा भेद बारकाईने जपला आहे. युद्ध, मरण यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या निवेदनपर प्रवेशातून, सुचवाव्यात, असे तो ग्रंथ सांगतो. पण त्याच ग्रंथात बीभत्स हा चार मूळ रसांपैकी एक आहे, भयानकाची उत्पत्ती त्याच्यापासून सांगितली आहे, आणि रक्त वगैरे पाहून उपजणारा बीभत्स 'क्षोभज', तर विष्ठा, कृमी यांमुळे होणारा 'उद्वेगी', असे प्रकारही केले आहेत. चित्रपटातली हिंसा बहुतेक पहिल्या प्रकारात मोडते.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर अर्जुनापाशी सापडते. त्याचे एक नाव 'बीभत्सु'. युद्धात मी कधीही बीभत्स कर्म करत नाही म्हणून मला हे नाव मिळाले, असे तो महाभारताच्या विराटपर्वात राजपुत्र उत्तराला सांगतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात तोच अर्जुन स्वतः मागणी करून विश्वरूप पाहतो, दाढांत अडकलेली, चुरडलेली मस्तके पाहतो, आणि 'हृषितोऽस्मि' (मला हर्ष झाला आहे) व 'भयेन च प्रव्यथितं मनो मे' (आणि माझे मन भयाने व्यथित झाले आहे) हे दोन्ही एकाच श्लोकात म्हणतो. हर्ष आणि व्यथा यांतले एक खरे आणि दुसरे खोटे, असे तिथे नाही.

या दुहेरी अवस्थेला नेमका एकच शब्द मराठीत रूढ नाही. साहित्यिक न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' ही संज्ञा मात्र तिच्या जवळ जाते: वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण आपले स्वत्व विसरत नाही. केळकरांनी ती एकूण साहित्यानंदासाठी योजली होती. रक्ताच्या दृश्याला ती विशेष लागू पडते असे मला वाटते, कारण जखम आपल्या अंगावर नाही ही जाणीव सुटली, तर माणूस चित्रपटगृहातून उठून जाईल. बोलीत मात्र आपण सहज म्हणतो, 'बघवतही नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही'. 'बघवत' आणि 'राहवत' ही दोन्ही शक्य क्रियापदाची रूपे आहेत आणि दोन्हींत माणसाची इच्छा चालत नाही. म्हणून परीक्षणातही मी हेच वाक्य बेधडक वापरीन.

'बीभत्स' वापरताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. 'बीभत्स हावभाव' यासारख्या प्रयोगांत या शब्दाला अश्लीलतेची छटा आहे, तेव्हा हिंसेबद्दल लिहिताना 'बीभत्स रक्तपात' असे स्पष्ट करावे. शिवाय शब्द तत्सम असल्याने 'बी' दीर्घच लिहावा. 'बिभत्स' हे रूप वृत्तपत्रांत वारंवार दिसते, पण ते अशुद्ध आहे.